दुसऱ्या हाताचं अक्षर

समरीनने सलामाला उत्तर दिलं नाही. बुधवारची दुपार होती. जेद्दाच्या अझीझियातलं तमीसचं दुकान जोहरच्या नमाजनंतर नुकतंच उघडलं होतं, आणि भट्टीतून निघालेली परातीएवढी रोटी कागदात गुंडाळून हलिमाने छातीशी धरली होती, कारण हातात ती धरवत नव्हती. समोरून समरीन आली. हलिमाने सलाम केला. समरीनने तिच्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, ओळख पटल्यावर माणूस पाहतो तसं, आणि वळसा घालून रांगेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. ऐकू आलं नसेल, असं हलिमाने स्वतःला सांगितलं. रस्त्यावर गाड्यांचे भोंगे होते, दुकानात भट्टीचा भणभणाट होता. पण समरीनच्या पापण्या हललेल्या तिने पाहिल्या होत्या. ही मुलगी म्हसळ्याची. हलिमाचा नवरा हाशिर काम करायचा त्या हॉस्पिटलात नर्स म्हणून आली त्याला पाच वर्षं झाली होती. पहिल्या रमजानमध्ये ड्यूटी नसेल त्या प्रत्येक संध्याकाळी ती हलिमाकडे इफ्तारला यायची. सांदणांचा वास आला की दारात चपला काढता काढताच तिला रडू यायचं, आणि मग स्वतःचं स्वतःच हसायची. घरी चालत येताना, उन्हाने पांढऱ्या पडलेल्या भिंतींच्या कडेकडेने, हलिमा आपल्याच गेल्या महिन्याभरातल्या बोलण्याची झडती घेत राहिली. लागेलसं काही बोलले का? तिचा फोन आला आणि घेतला नाही, असं झालं का? काहीच सापडेना. सापडलं नाही म्हणून बरं वाटायला हवं होतं, पण तेच जास्त टोचत होतं. पायात काटा आहे हे कळावं आणि बोटाला तो लागू नये, तसं.

घरी येऊन ती टेबलाशी बसली आणि जोसाया पेल उघडला. सहा वर्षं ती हे काम करत होती. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने आपल्या देशाच्या अगदी सुरुवातीच्या काळातल्या या वकिलाची पत्रं छापायला काढली होती. तिकडून जुन्या कागदांचे फोटो येत, आणि हलिमा ते वाचून, शब्दाला शब्द उतरवून परत पाठवी. मुंबईला इतिहासात एम.ए. केल्यावर पुढे जे राहून गेलं, त्याच्या जागी हे होतं. पेशव्यांच्या दरबारी इतर राज्यांचे वकील असत, तसाच हा पेल. पण त्याच्या पाठीशी ना फौज होती ना नाव. देश कालपरवा जन्मलेला. गावात जहाजवाल्याच्या पेढीवर कारकुनी करणारा हा माणूस हॉलंडमधल्या हेगला पाठवला गेला, आणि तिथे पहिले चौदा महिने त्याला कुणी आतच घेतलं नाही. तो रोज चांगला कोट घालून कुठल्या ना कुठल्या बाहेरच्या दालनात बसून राही. फ्रेंच येत नव्हतं, आणि तिथे सगळं फ्रेंचमध्ये चाले. काय करू म्हणून घरी विचारलं तर उत्तर यायला पाच महिने लागत, तोवर प्रश्नच उरलेला नसे. त्या दिवसांतली त्याची पत्रं हलिमाला पाठ होती: आखूड, चिडकी, शुद्धलेखनाच्या चुकांनी भरलेली. मग त्याने रॉटरडॅममधल्या एका स्कॉटिश व्यापाऱ्याच्या मुलीशी लग्न केलं. मार्गारेट तिचं नाव. आणि लग्नानंतर तिसऱ्या महिन्यापासून पेलचे खलिते एकाएकी देखणे झाले. अक्षर बदललं, बारीक आणि उजवीकडे कललेलं. वाक्यं लांब झाली, वळणं घेऊ लागली. ‘दिसून येते’, ‘खेदाने नमूद करणे भाग आहे’, ‘असे मानण्यास जागा आहे’. ते अक्षर मार्गारेटचं आहे हे हलिमानेच शोधलं होतं. मार्गारेटने बहिणीला लिहिलेल्या एका पत्रावर तेच अक्षर होतं आणि खाली तिची सही. संपादकांनी शाबासकी दिली, आणि टिपांमध्ये फक्त ‘दुसरा हात’ असं लिहायचं ठरवून दिलं. त्या दुसऱ्या हाताने पेल लिस्बनला गेला, मोठा झाला, दरबारात त्याला मान मिळाला. छापलेल्या दोन खंडांत मार्गारेटचं नाव पाच ठिकाणी होतं. त्यातल्या तीन ठिकाणी ती आजारी होती.

साडेचारला हाशिर आला. एरवी तो सहाच्या आत येत नसे. बूट न काढता सोफ्यावर बसला. मग त्याने सांगितलं. सोमवारी सकाळी वॉर्डात एका म्हाताऱ्या बाईच्या औषधाचा पंप बंद पडला होता. शिरेतून थेंब थेंब औषध सोडणारा पंप. तो थांबला की अलार्म वाजायला हवा. तो वाजला नाही. समरीनकडे सात पेशंट होते, तिच्या लक्षात यायला पाऊण तास गेला, तोवर बाईचं प्रेशर पार खाली गेलेलं. आता ती आयसीयूत होती, जगेल असं डॉक्टर म्हणत होते. चौकशी बसली होती. समरीनला कालपासून कामावर यायला मनाई केली होती. हॉस्पिटलातली सगळी यंत्रं हाशिरच्या खात्याखाली, म्हणून रविवारपर्यंत त्याने लेखी निवेदन द्यायचं होतं. हे सगळं त्याने खालच्या आवाजात, दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, एक छोटं पत्र लिहायचंय. हलिमाला तमीसच्या दुकानासमोरच्या त्या पापण्या आठवल्या. काटा हाताला लागला.

पण काटा एवढाच नव्हता. गेल्या शुक्रवारी ते तिघं गाडीतून थुवालला मासे खायला निघाले होते. मुलगी सहर मागच्या सीटवर, पुस्तक मांडीत. हाशिरचा फोन गाडीला जोडलेला, त्यामुळे आलेला आवाजी मेसेज साऱ्या गाडीत घुमला. समरीनचा आवाज होता, ड्यूटी संपल्यावरचा, दमलेला: हाशिरभाई, सात नंबरच्या पंपाचा अलार्म वाजत नाही, एवढा बघून घ्या. हाशिर म्हणाला होता, रविवारी बघतो. डावीकडे समुद्र चमकत होता, आणि हलिमा तेव्हा हमूर घ्यावा की नाजिल, याचा विचार करत होती. रविवारी तपासणीची माणसं येणार होती. सगळ्या यंत्रांवर ‘तपासलं, ठीक आहे’ सांगणारी हिरवी लेबलं हवी होती. सात नंबरच्या पंपावरही ते होतं, आणि ते तसंच राहिलं.

“नियमाप्रमाणे तक्रार कॉम्प्युटरवर टाकायची असते,” हाशिर म्हणाला. “तिने टाकली नाही. हे खरं आहे की नाही?”

“खरं आहे.”

“मग तेवढंच लिही. जास्त काही नको.”

ती बसली. इतकी वर्षं ती अशीच बसत आली होती. लग्न होऊन जेद्दाला आली तेव्हा हाशिर साधा टेक्निशियन होता. कुठलंही यंत्र उघडून नुसत्या बोटांनी त्याचं दुखणं ओळखणारा, पण चार ओळींचा ईमेल लिहायचा म्हटलं की घामाघूम होणारा. पहिलं पत्र तिने हौसेने लिहून दिलं. मग रजेचे अर्ज, मग अहवाल, मग नव्या यंत्रांच्या मागण्या, मग हाताखालच्या माणसांबद्दलची मतं. तो वर चढत गेला. एका जेवणात हॉस्पिटलच्या बड्या साहेबांनी तिच्यासमोर म्हटलं होतं, तुमचे मिस्टर इंग्रजी फार सुरेख लिहितात, आणि हाशिरने तिच्याकडे पाहिलं होतं, चोरट्या लाडाने, आणि तिला त्या पाहण्याने आतून ऊब आली होती. आज तिची बोटं आपोआप चालली. ‘यंत्रणेत अशा कोणत्याही तक्रारीची नोंद आढळून आली नाही.’ वाक्य एका दमात उतरलं. गुळगुळीत होतं, खरं होतं. त्यात कुठे हाशिर नव्हता, कुठे समरीन नव्हती, आवाज नव्हता, गाडी नव्हती. कोणी शोधली आणि कोणाला आढळली नाही, हेसुद्धा नव्हतं. हलिमा त्या वाक्याकडे बघत राहिली. ते इतक्या सहज आलं याचीच तिला भीती वाटली. अशी वाक्यं ती मार्गारेटकडून शिकली होती, दोनशे तीस वर्षांपूर्वीच्या एका बाईकडून, तिच्या कललेल्या अक्षराच्या मागे मागे रोज चार तास चालून. ती उठली. हाशिरला म्हणाली, उद्या करते. त्याने मान हलवली. तिला नेहमी एखादा दिवस लागे.

गुरुवारी सहर शाळेत आणि हाशिर कामावर गेल्यावर तिने लिस्बनचा तो खलिता काढला. दोन वर्षांपूर्वी तिने तो उतरवला होता, तेव्हा कंटाळवाणा वाटला होता. समुद्री चाच्यांनी अल्जियर्सला पकडून नेलेल्या अमेरिकन खलाशांनी पेलला पत्र लिहिलं होतं: आम्ही अकरा जण आहोत, दोघं तापाने गेले, काही करा. पेल त्या दिवसांत राणीच्या भेटीच्या खटपटीत होता. पत्र त्याच्या टेबलावर सात आठवडे पडून राहिलं. मग बोभाटा झाला, घरून विचारणा आली, आणि पेलने उत्तर धाडलं, की आपला तरुण लेखनिक लुई टॅरंट याच्या हयगयीने ते पत्र आपल्यापर्यंत पोचलंच नाही. खलित्याचं पहिलं पान आणि दुसऱ्याचा अर्धा भाग दुसऱ्या हाताचा होता. हवामान, दरबार, धान्याची जहाजं. मग एक वाक्य सुरू होत होतं: ‘सदर लखोटा, असे दिसते की,’ आणि स्वल्पविरामानंतर अक्षर बदलत होतं. ठसठशीत, उभं, पेलचं स्वतःचं. ‘टॅरंटने दिला नाही.’ पुढची सगळी पानं त्याच अक्षरात. आणि त्यानंतर, शेवटच्या नऊ वर्षांत, माद्रिदला बढती मिळाली, ती ओसरली, मग परत बोलावणं आलं, तिथवर ते कललेलं अक्षर पुन्हा एकदाही नव्हतं. दोन वर्षांपूर्वी हलिमाने समासात टीप लिहिली होती: ‘दुसरा हात इथे थांबतो, बहुधा आजारपण.’ आता ती त्या स्वल्पविरामावर बोट ठेवून बसली. शाई जराही थरथरलेली नव्हती. आजारी माणसाचं अक्षर आधी दोनचार ओळी ढासळतं. हे नीट होतं. स्वच्छ स्वल्पविराम, आणि मग कुणीतरी लेखणी खाली ठेवलेली.

तिने संपादकांना लिहिलं. टीप बदलावी असं वाटतं, बाईने लिहायचं नाकारलं असावं. तिकडे सकाळ झाल्यावर उत्तर आलं, प्रेमळ आणि घाईचं: कल्पना मोहक आहे, पण पुरावा नाही, आजारपणाला निदान तीन उल्लेखांचा आधार आहे, टीप आहे तशी ठेवू. त्यांचं बरोबर होतं. हलिमालाही माहीत होतं की कदाचित दाराशी कुणी आलं असेल, मूल रडलं असेल, खरोखरच ताप भरला असेल. तिने सूचीत टॅरंट शोधला. एकच नोंद, त्याला घरी धाडल्याची. त्यानंतर त्याचं काय झालं, ते कोणत्याच कागदात नव्हतं. ती स्वयंपाकघरात गेली, तांदूळ धुतले, पुन्हा धुतले. चार वेळा धुतल्यावरही पाणी गढूळच दिसत होतं, का तिलाच तसं दिसत होतं कोण जाणे.

शुक्रवारी तिघं एकत्र जेवायला बसली. सहर बारावीला होती, पाच महिन्यांवर परीक्षा. हाशिरचं पद गेलं तर इकामा, इथे राहायचा परवाना, जाईल, मग खलास, सामान बांधून परत. मुलीचं वर्ष कुठे आणि कसं पुरं करायचं. हे हलिमाला कुणी सांगायची गरज नव्हती, ती तीन दिवस तेच मोजत होती. दुसऱ्या बाजूला समरीन. तिच्या लायसन्सवर शेरा पडला की जगात कुठेच तिला नर्स म्हणून उभं करणार नाहीत. हाशिर नमाजला गेला तेव्हा सहरने ताट बाजूला सारलं. तिला बातमी शाळेतच कळली होती, कुणाच्या तरी आईकडून.

“अम्मी,” ती म्हणाली, “वो मेसेज तो हम तीनों ने सुना था ना?”

हलिमा हो म्हणाली. मुलगी पुढे काही विचारेल असं वाटलं, पण तिने ताट उचललं, धुतलं, पालथं घातलं आणि खोलीत गेली. तिच्यासाठी ते वाक्य तिथेच संपलं होतं. किंवा ते पुरं करायचं काम आपलं नाही, हे तिला कळत होतं.

शनिवारी सकाळी चहा झाल्यावर हलिमा म्हणाली, “हे पत्र तुम्हीच लिहा.”

हाशिरला आधी वाटलं, तिला बरं नाही. मग वाटलं, रागावली आहे. तो समजावू लागला. नियम, तपासणी, वरून आलेला दबाव, हिरवी लेबलं लावा म्हणून सांगणारे वेगळेच आणि सही मात्र आपली. त्यात खोटं काही नव्हतं. मी तिला चोर ठरवत नाहीये, तो म्हणाला, मी फक्त जे झालं नाही ते झालं नाही असं सांगतोय. हलिमाने ऐकून घेतलं. तिला त्याचा राग येत नव्हता. यंत्रावर झुकलेली त्याची पाठ तिला आठवत होती, वीस वर्षांची, प्रामाणिक पाठ. तिला एवढंच कळत होतं की ते वाक्य लिहिणारी बोटं तिची आहेत. “मी लिहिलं तर ते छान होईल,” ती म्हणाली. “म्हणूनच नको.” तो उठला. मग तिच्या खुर्चीवर जाऊन बसला.

सकाळी दहापासून दुपारच्या असरच्या अजानपर्यंत तो तिथे होता. दोन बोटांनी टाइप करायचा, थांबायचा, पुसायचा. स्वयंपाकघरातून हलिमाला त्याचे उसासे ऐकू येत होते, आणि उठून जाऊन चार ओळी बसवून द्याव्या ही तिच्या अंगाची इतक्या वर्षांची सवय तिला पुन्हा पुन्हा खुर्चीतून उठवत होती. एकदा ती दारापर्यंत गेलीही. तो कुजबुजत वाचत होता. ‘समरीनने मला सांगितलं नाही.’ पुसलं. पुन्हा तेच लिहिलं, पुन्हा पुसलं. तेव्हा तिच्या लक्षात आलं, काय होतंय ते. हाशिरच्या इंग्रजीत मधलं काही नव्हतं. सांगितलं किंवा सांगितलं नाही, एवढ्या दोनच खोल्या होत्या, आणि दोन्हींच्या मधून जाणारी जी लांब, पडदे लावलेली वाट होती, ती फक्त हलिमाला ठाऊक होती. तिच्याशिवाय त्याला सरळ खोटं तरी लिहावं लागणार होतं किंवा सरळ खरं. आणि सरळ खोटं तो आपल्या हाताने लिहू शकत नव्हता. तशी सवयच नव्हती त्याला. अजान झाली तेव्हा त्याने तिला हाक मारली आणि कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला. अकरा ओळी होत्या. क्रियापदं चुकलेली, एकाही वाक्याला वळण नाही. शुक्रवारी समरीनने मला मेसेज केला. पंपाचा अलार्म वाजत नाही. मी ऐकला. मी रविवार म्हणालो. रविवारी तपासणी होती. मी पंप बाजूला काढला नाही. हिरवं लेबल काढलं नाही. सोमवारी तोच पंप बाईला लावला. समरीनने कॉम्प्युटरवर टाकलं नाही ही तिची चूक. ती छोटी आहे. माझी मोठी आहे.

“चुका दुरुस्त करतेस?” त्याने विचारलं. त्याचा चेहरा तापातून उठलेल्या माणसासारखा दिसत होता.

“नको,” हलिमा म्हणाली.

म्हातारी बाई वाचली. समरीनला एक लेखी ताकीद मिळाली आणि ती कामावर परतली. हाशिरचं पद गेलं. पण चौकशी समितीतल्या कुणीतरी म्हणे ते पत्र दोनदा मोठ्याने वाचलं, आणि त्याला घरी न पाठवता त्याच कंपनीच्या जिझानच्या हॉस्पिटलात पुन्हा टेक्निशियन म्हणून धाडलं. सहरची परीक्षा होईपर्यंत मायलेकींनी जेद्दातच राहायचं ठरलं. हाशिर फोनवर सांगे, इथे फार गरम आहे, पण हातात पुन्हा स्क्रूड्रायव्हर आला. आवाज हलका असे. हलिमाला वाटू लागलं की सगळं निभावलं. घरात शांतता होती, आणि तिच्याही आत काहीतरी उभं राहिलं होतं, सरळ, थोडं अभिमानाचं. समासातली आपली टीप बदलता आली नाही तरी टीप खरी कुठली ते आपल्याला माहीत आहे, असं तिला वाटे. त्या स्वल्पविरामाशी आपली ओळख आहे.

मग एका दुपारी समरीन आली. आत आली नाही. दारातच उभी राहिली, युनिफॉर्मवर अबाया, हातात काही नाही. हाशिरभाईंना सलाम सांगा, म्हणाली. मी रागात होते, तुम्ही दिसलात तेव्हा, असंही म्हणाली. हलिमा तिला आत ओढायला पुढे झाली तशी ती एक पायरी खाली उतरली.

“भाभी, एक विचारायचं होतं. हाशिरभाईंचं आत्ताचं पत्र आम्ही पाहिलं. त्यांचं इंग्रजी तसं आहे. मग तीन वर्षांपूर्वी उदयच्या वेळचा तो रिपोर्ट कोणी लिहिला होता?”

उदय. चिपळूणचा, हाशिरच्या हाताखालचा टेक्निशियन, हडकुळा, सतत शीळ घालणारा. निर्जंतुक करायच्या मोठ्या यंत्रात काही बिघडलं होतं, ऑपरेशनची हत्यारं अर्धवट तापली होती, दोन ऑपरेशनं रद्द झाली होती. हाशिरने घरी येऊन चार वाक्यांत सांगितलं, तिने त्याचं दीड पान केलं. विचारलं नव्हतं काहीच. त्या दिवशी सहरची शाळेत स्पर्धा होती आणि तिला उशीर होत होता. तरीही एक वाक्य जमल्याचा आनंद झाला होता, हे तिला आता आठवलं, स्पष्ट: ‘विहित पद्धतीपासून झालेली ही फारकत दुर्दैवाने पहिलीच नसावी, असे मानण्यास जागा आहे.’ मानण्यास जागा कुठे होती? कुणी सांगितली होती? वाक्याला शेवट हवा होता म्हणून तिने जागा केली होती. आठ दिवसांत नोकरी जाऊन उदय परत गेला होता. “मी,” ती समरीनला म्हणाली. समरीनने मान हलवली, उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखी, आणि जिना उतरून गेली.

तिने हाशिरला फोन लावला. उदयच्या रिपोर्टचं विचारलं. तेव्हा मला खरंच वाटलं होतं की त्याचीच चूक आहे, तो म्हणाला. नंतर यंत्र उघडलं तेव्हा वॉल्व्हच गेलेला निघाला. तोवर उदय परत गेला होता. हलिमाने विचारलं, मला का नाही सांगितलंत? तो म्हणाला, तू विचारलं नाहीस, आणि लगेच म्हणाला, नाही, तसं नाही, मीच सांगायला हवं होतं. फोन ठेवल्यावर ती टेबलाशी जाऊन बसली. मार्गारेटने लेखणी खाली ठेवली असेलही. पण त्याआधी अकरा वर्षं तिने खलिते लिहिले होते. सव्वादोनशे पानं. त्यातली ‘असे दिसते की’ कुणाकुणाच्या अंगावरून गेली होती, ते हलिमाने कधी पाहिलंच नव्हतं. ती वाक्यं सुंदर म्हणून हलिमा ती हळू हळू, चव घेत उतरवत आली होती.

उदयचा नंबर मिळायला दोन दिवस गेले. तो चिपळूणला फ्रिज आणि एसी दुरुस्त करत होता. तिचा आवाज ऐकून त्याला इतका आनंद झाला की तिला पाच मिनिटं मधे शिरताच येईना. सहर केवढी झाली, भाईंचा गुडघा कसा आहे, तमीसवाल्या पठाणाचं दुकान आहे का अजून. मग तिने सांगितलं. रिपोर्ट हाशिरने नाही, आपण लिहिला. वॉल्व्ह गेला होता. ‘पहिलीच नसावी’ हे आपल्या मनाचं होतं. पलीकडे दुकानातला कॉम्प्रेसर सुरू झाला, बंद झाला.

“भाभी,” उदय म्हणाला, “त्याची कॉपी आहे माझ्याकडे. इतकं व्यवस्थित लिहिलं होतं ना, वर्षभर मलाच वाटत होतं, माझ्याकडूनच काहीतरी राहिलं असेल. आठवत बसायचो, काय राहिलं.”

तो पुढे बोलला, सावकाश. तक्रार वगैरे काही करायची नव्हती त्याला. धंदा चालला होता, लग्न झालं होतं. फक्त आई, भीमाबाई, अजून मधूनच विचारते, बाबा, तू नक्की काय केलंस तिकडे? मी सांगतो काही नाही, तर तिला वाटतं पोरगा लपवतोय. ते तेवढं कागदावर मिळालं तर. इंग्रजीत नको, म्हणाला, मराठीत लिहा. तिला सावकाश का होईना, वाचता येतं. कुणाकडून वाचून घ्यावं लागायला नको.

दुपारचे तीन वाजले होते. हलिमाने सहरच्या वहीतून एक कोरं पान फाडून घेतलं. मराठीत तिने शेवटचं पत्र कधी लिहिलं होतं ते तिला आठवेना; पेन हातात जड वाटत होतं आणि अक्षर मोठं, वाकडं, शाळेतल्या मुलीसारखं येत होतं. ‘तीन वर्षांपूर्वी जो अहवाल लिहिला गेला’ असं तिने लिहिलं, आणि थांबली. खोडलं. ‘आपल्या मुलाबाबत जो गैरसमज झाला’. खोडलं. तिने दुसरं पान घेतलं. समोर एक बाई बसली आहे, जिचं बोट एकेका अक्षराखालून सरकणार आहे, आणि प्रत्येक शब्द तिला ओठ हलवून म्हणावा लागणार आहे, असं तिने डोळ्यांसमोर आणलं. मग लिहिलं:

भीमाबाईंना नमस्कार. तुमच्या उदयने काहीही चूक केली नव्हती. त्याने चूक केली असं मी लिहिलं. मला माहीत नव्हतं, आणि मी विचारलं नाही.